नवतपा साहेब, भेंडीनं तुमचं काय बिघडवलं होतं?

प्रति,
मा. नवतपा साहेब,
मुक्काम रोहिणी नक्षत्र,
हंगामी कार्यालय : आमची गच्ची आणि परसबाग,
काटोल, जि. नागपूर.

विषय : आपल्या नऊ दिवसांच्या दौऱ्यात झालेल्या भाजीपाल्याच्या नुकसानीबाबत.

साहेब,

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस तुमचे. २५ मेच्या सुमारास तुम्ही येता आणि २ जूनच्या आसपास निघता. येण्याआधीच पेपरात तुमची बातमी छापून येते. तुम्ही आलात की सकाळी अकरालाच काटोलचे रस्ते सुनसान होतात, दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात, आणि कुणाला बाहेर निघावंच लागलं तर तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून निघतो. एवढा बंदोबस्त मंत्र्यांच्या दौऱ्यालाही नसतो. आणि मंत्री येऊन गेले तरी भेंडी निदान जागेवर असते.

मी साधी गृहिणी. घरामागे थोडी जागा, वर गच्ची. तिथं काही वाफे, काही कुंड्या आणि एक मांडव. त्यात ढेमसं, दोडकी, कारली, भेंडी, मिरच्या, भेद्रं आणि जेवणापुरता सांभार. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, भेद्रं म्हणजे टोमॅटो आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. तुम्हाला ओळख करून द्यायची गरज नाही. दोघांचाही शेवट तुमच्याच हातून झालेला आहे.

हे पत्र उघडपणे लिहायचं कारण असं, की गावात तुमच्याविरुद्ध कुणी ब्र काढत नाही. घामानं निथळणारा माणूसही "तपू द्या, तपू द्या" म्हणत तुमच्यापुढे हात जोडतो. तेव्हा एकदा तुमच्या कामगिरीचा हिशेब चारचौघांत मांडावा म्हटलं.

आधी तुमच्या कीर्तीचं बघू. नागपूरच्या नोंदीतला सगळ्यात तापलेला दिवस ४७.९ अंशांचा, तारीख २३ मे २०१३. तारीख पुन्हा वाचा साहेब. तुम्हाला यायला अजून दोन दिवस होते. बरं, आमच्या काटोलवर आकाशातून खरोखरचे दगड पडले, तो दिवस २२ मे २०१२, वेळ दुपारी दोनच्या सुमाराची. उल्कापाषाण होते ते. शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा त्यांत ब्रिजमनाइट नावाचं खनिज निघालं. एरवी ते पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं. आमच्या गावाचं नाव त्यामुळे जगभरच्या संशोधनात गेलं. आकाशातून आग पाडण्याचा मान खरा तर तुमचा, पण तोही तीन दिवसांनी हुकला. तुमच्या मुदतीत बसेल असा गाजलेला आकडा मला एकच आठवतो. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. इतकं नाव, इतका दरारा, आणि तुमच्या खात्यावरचा सगळ्यात मोठा आकडा निघाला यंत्राचा बिघाड!

तरी तुमचा धाक आम्ही नाकारत नाही. विक्रम दुसऱ्यांनी केले असतील, नासधूस मात्र तुमचीच आहे. ती क्रमानं सांगते.

आरोप पहिला, भेद्र्यांचा. भेद्र्याच्या झाडाला तुम्ही मारत नाही, हे मान्य. ते हिरवंगार उभं असतं, पिवळी फुलं येतात, बघणाऱ्याला वाटतं बाईचा हात चांगला आहे. पण दिवसा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २५ च्या वर राहिला की भेद्र्याचा पराग निकामी होतो, फूल देठापाशी पिवळं पडतं आणि गळतं. तुमच्या राज्यात दिवस ४५ चा आणि रात्र तिसाच्या आसपास. म्हणजे दिवसा तुम्ही कामावर असता आणि रात्री तुमचा हस्तक म्हणून तापलेला स्लॅब कामावर असतो. त्यातून एखादं फळ धरलंच, तर ते लाल होत नाही. भेद्र्याचा लाल रंग तीस-बत्तीस अंशांच्या पुढे तयारच होत नाही, म्हणून ते पिवळट-नारिंगी राहतं. संत्र्याच्या गावात आहोत म्हणून काय भेद्र्यांनीही नारिंगीच व्हायचं?

आरोप दुसरा, मांडवावरच्या वेलांचा. कडक ऊन आणि लांब दिवस मिळाले की काकडी, दोडकी, कारली, ढेमसं या साऱ्या मंडळींना नर फुलं जास्त येतात आणि मादी फुलं कमी. तुमच्या कृपेनं आमच्या मांडवाखाली नवरदेवाकडचं अख्खं वऱ्हाड उतरलं आहे, नवरीचा मात्र पत्ता नाही. मुश्किलीनं एखादं मादी फूल आलं, फुलामागे बोटाच्या पेराएवढं फळ दिसलं, तर सूत जमवणारी मधमाशी तुमच्या भीतीनं सकाळी आठनंतर फिरकत नाही. मग ते काम मला करावं लागतं. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढायच्या आत मिटतं, म्हणून पहाटे उठायचं, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि पुंकेसर मादी फुलावर हलक्या हातानं टेकवायचा. दोडका संध्याकाळी उमलतो, म्हणून त्याच्यासाठी दिवेलागणीला पुन्हा हजर. शेजारच्या काकाजींनी एकदा कुंपणावरून विचारलंच, "काहून बाई, सकायी सकायी फुलायचं लग्न लावून राहिल्या का?" त्यांना काय सांगणार? भटजी उन्हात यायला तयार नाही म्हणून घरच्यांनीच मंगलाष्टकं म्हणायची वेळ आली आहे.

आरोप तिसरा, चवीचा. काकडीत कडूपणा आणणारं द्रव्य निसर्गतःच असतं. उष्णता आणि तहान वाढली की ते वाढतं. तुमच्या काळातल्या काकडीचं टोक कापून, फेस येईपर्यंत घासूनही ती कडूच लागते. सांभाराचं बी तापलेल्या मातीत नीट रुजत नाही, आणि रुजलंच तर पानं धरायच्या आधी दांडा वर काढून फुलायला लागतं. पालकही तेच करतो. आयुष्य चार दिवसांचं आहे हे दोघांनाही तुम्ही फार लवकर समजावून सांगता. सांभारवडी म्हणजे विदर्भाचा जीव की प्राण, आणि तुमच्या नऊ दिवसांत तिच्या पोटात घालायला बाजारातून सांभाराची जुडी आणायची म्हटलं की भाव ऐकून भाजीवालीपुढेच चक्कर येते. लोक म्हणतात, ऊन लागलं. ऊन नव्हे, भाव लागलेला असतो.

आरोप चौथा, तुमच्या टोळीचा. तुम्ही एकटे कधीच येत नाही. पानांच्या मागे, टाचणीच्या टोकाएवढ्या लाल ठिपक्यांत, लाल कोळी बसलेला असतो. कोरडी तापलेली हवा त्याला मानवते. तिशीच्या पुढच्या पाऱ्यात त्याची एक पिढी आठवडाभरात तयार होते. आधी पानावर पिवळसर बारीक ठिपके, मग जाळं, मग पान तपकिरी. मिरचीवर पांढरी माशी आणि फुलकिडे. त्यांनी चुरडा-मुरडा दिला की पानं आकसून वाटीसारखी होतात. वर गच्चीवर वांदरांची टोळी. उन्हाळ्यात रानात ओलं-हिरवं काही उरत नाही, मग ती गावात येतात, टाकीवर बसून पाणी पितात आणि वर तोंडी लावायला कोवळी ढेमसं घेतात. वांदरांना मी दोष देत नाही. त्यांचं जंगल त्यांच्याकडून कुणी घेतलं हे सगळ्यांना माहीत आहे. कोळ्यासाठी मात्र गेल्या पावसाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या आहेत. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, गाळायची, किंचित साबण घालून दिवस मावळताना पानांच्या खालच्या बाजूनं फवारायची. भर दुपारी फवारली तर पान तुमच्या आधी आम्हीच जाळू, एवढं आम्हाला कळतं.

आरोप पाचवा सगळ्यात गंभीर आहे. तुम्ही सावली चोरता. काटोलचा अक्षांश सव्वाएकवीसच्या जवळ. २६ मेच्या आसपास, तुमच्याच मुदतीत, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य आमच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच विरते. शाळेतली पोरं तो शून्य सावलीचा दिवस म्हणून टाळ्या वाजवत बघतात. कुंडीतल्या वांग्याला टाळ्या वाजवता येत नाहीत. हिवाळ्यात भिंतीच्या आडोशाला सुखानं राहिलेलं रोपटं त्या दिवशी भिंतीला चिकटून उभं असतं आणि भिंत त्याला सावलीची एक रेघही देत नाही. उलट दुपारी चारला पश्चिमेचं तिरपं ऊन खाऊन तीच भिंत रात्रभर त्याला भाजत राहते. ज्यांनी उन्हाळ्यात जाळी फक्त वरून बांधली आणि पश्चिमेची बाजू उघडी ठेवली, त्यांनी अर्धी बाग तुमच्या नावावर करून दिली असं समजावं.

या चोरीत तुम्हाला साथीदार आहेत आणि त्यांचीही नावं या पत्रात यायला हवीत. एक, घरासमोरच्या मातीवर बसवलेल्या चौकोनी फरशा. पाणी मुरत नाही, चिखल होत नाही, चप्पल खराब होत नाही, आणि बाजूचं झाड जगत नाही. दोन, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या. त्या दिवसभर ऊन पितात आणि मुळं आतल्या आत शिजतात. तीन, गच्चीवरची पाण्याची काळी टाकी. चार वाजता नळ सोडला तर हातावर फोड येईल असं पाणी, आणि भल्या मनाची माणसं तेच पाइपनं मिरचीच्या मुळाशी सोडतात. चार, रस्ता रुंद करताना कापलेला कडुनिंब. त्याच्या जागी हिरवा रंग दिलेला लोखंडी कठडा आहे. हिरवा रंग आहे, म्हणून फायलीत तो हरित पट्टा असावा.

आता तुमचा बचाव. तो मला माहीत आहे, कारण तो तुम्ही कधी स्वतः मांडत नाही, आमच्या सासूबाई मांडतात. "तपू दे ना माय. नवतपा तपला नाही त मिरगाचं पानी कुठून येईन?" गावातली म्हातारी माणसं, पेपरातले ज्योतिषी, व्हॉट्सअॅपवरचे विद्वान, सगळे तुमचे वकील. नऊ दिवस तापलात की चार महिने पाऊस पक्का, असा तुमचा करार. या एका करारावर तुम्ही शतकानुशतकं आमची भेंडी जाळून पुन्हा आशीर्वाद घेऊन जाता.

तर या कराराचे दोन हप्ते बघू. २०१५ चा मे आठवा. ऐन तुमच्या दिवसांत देशात उष्णतेची अशी लाट आली की दोन हजारांहून जास्त माणसं दगावली. त्यातली बहुतेक आंध्र प्रदेश आणि तेलंगणातली, शेतात, रस्त्यावर, बांधकामावर राबणारी. यावर टिंगल करवत नाही. इतकं तापून त्या वर्षी देशाला पाऊस मिळाला सरासरीच्या ८६ टक्के. कारण तिकडे प्रशांत महासागरात एल निनो बसला होता आणि त्याला तुमच्या नऊ दिवसांची खबरही नव्हती. आता दुसरा हप्ता. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. तुम्ही खुर्चीवर बसून अजून दोन दिवसही झाले नव्हते. तुमची परवानगी न घेता आलेल्या त्या पावसानं हंगामाअखेर देशाला सरासरीच्या १०८ टक्के पाणी दिलं. दोन वर्षांवरून शास्त्र बनत नाही, पण दोन वर्षांवरून तुमची फुशारकी मात्र मोडते.

जमीन तापते, तापलेल्या जमिनीवर कमी दाब तयार होतो आणि तो समुद्रावरच्या वाऱ्यांना ओढतो, हे खरं आहे. पण ते काम मार्चपासून चालू असतं, राजस्थानापासून पार पाकिस्तानापर्यंत पसरलेल्या जमिनीवर. त्यात काटोलच्या गच्चीवरच्या भेद्र्यांनी फुलं गाळण्याचा वाटा किती, ते तुम्हीच सांगा. धरण बांधणारे वेगळे, आणि उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून फोटो काढून घेणारे वेगळे. तुम्ही दुसऱ्या जातीचे.

तुमचे काही वकील संत्र्याचा दाखलाही देतात. मृग बहार धरायचा म्हणजे झाडाला एप्रिल-मेमध्ये ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, पानं मलूल होतात, आणि मग जूनच्या पावसासरशी झाड फुलतं. बघा, म्हणतात, उन्हाळ्याशिवाय काटोलचं संत्रं नाही. वकिलांना सांगा, ताण शेतकरी देतो, तुम्ही नाही. किती दिवस पाणी तोडायचं, जमीन भारी की हलकी, पान किती मलूल झालं म्हणजे पुरे, हे तो झाडाजवळ उभा राहून ठरवतो आणि योग्य वेळी पाणी सोडतो. ज्या वर्षी सोडायला पाणीच नसतं, त्या वर्षी काय होतं ते आम्ही २०१९ मध्ये बघितलं आहे. काटोल-नरखेडपासून वरुडपर्यंत पोसलेल्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनं पाणी घालून लोक झाडं वाचवत होते. मुलांच्या शिक्षणाचे, मुलींच्या लग्नाचे हिशेब ज्या झाडांवर मांडले होते, ती झाडं कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला गेली. ताण आणि छळ यांत फरक असतो साहेब. ताण देणाऱ्याच्या हातात पाण्याची चावी असते.

आणि संत्र्याचं नाव निघालंच आहे तर एक ऐका. रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणून नागपुरात लावली असं सांगतात. राजवाड्याच्या हौसेची ती मोजकी झाडं, पुढे त्यांचा पट्टा झाला आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा घरामागच्या चार झाडांना हलक्यात घेऊ नका.

तुमच्या बाजूचं जे खरं आहे, तेही लिहिते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. कुरडया, सालपापड्या आणि मूगवड्या तुमच्याइतक्या कडक कुणी वाळवत नाही. वर्षभराचं तिखट-हळद तुमच्याच उन्हात खडखडीत होतं. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळं उघडी टाकतो, तेव्हा मातीतले किडींचे कोष आणि तणांची मुळं तुम्ही तापवून संपवता. रिकामा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून ठेवलं, तर रोगट बुरशीही तुमच्या हातून मरते. म्हणजे तुम्हाला काम येतं. तक्रार एवढीच की वाळवायला दिलेल्या कुरडया आणि वाढवायला लावलेली भेंडी यांतला फरक तुम्हाला कळत नाही. भेंडी तर तुमच्याच पक्षाची होती हो! सगळ्या भाज्यांत ऊन आवडणारी, गरम मातीत हसत उगवणारी. तिनंही बेचाळीसच्या पुढे फुलं गाळायला सुरुवात केली. जो पुढारी आपल्या पक्क्या मतदारालाच उपाशी ठेवतो, त्याचं पुढे काय होतं ते काटोलात तुम्हाला कुणीही सांगेल.

आता शेवटचं. हे पत्र म्हणजे विनवणी नाही, नोटीस आहे. पुढच्या दौऱ्यात तुम्हाला आमच्या परसबागेत पुढील व्यवस्था आढळेल, त्याची नोंद घ्यावी.

वर पन्नास टक्के सावलीची जाळी, झाडांच्या डोक्यापासून हवा खेळेल एवढी उंच. पश्चिमेला तुराट्या-पऱ्हाट्यांची ताटी. ज्यांना जाळी परवडत नाही त्यांनी जुनं सुती लुगडं बांधावं, तुमच्यापुढे लाजायचं कारण नाही. कुंड्या काळ्या असतील तर बाहेरून चुना फासलेल्या आणि जमिनीवर एकमेकींना खेटून ठेवलेल्या. कुंडीत नुसती काळी माती नाही. ती वाळली की कडेनं फट पडते आणि घातलेलं पाणी मुळाला न भेटता तळातून निघून जातं, म्हणून अर्धं शेणखत. वर चार बोटं सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे तुमची नजर थेट मातीवर पडणार नाही.

पाणी पहाटे, टाकी गार असताना. दुपारी दोनला पानांनी माना टाकल्या म्हणून धावत जाऊन पाणी घालणार नाही. संध्याकाळी मान उभी झाली तर ती तहान नव्हती, दुपारची झोप होती. उभी झाली नाही तरच पाणी. वेलांच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा माठ, तोंडावर झाकण. तो झिरपत राहील आणि मूळ हवं तेवढंच पिईल. चीनमधल्या ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या शेतीच्या ग्रंथात ही युक्ती लिहिलेली आहे, म्हणजे तुमच्याशी लढणारे आम्ही पहिले नाही. माठ नवा घ्यायचा. घरातला जो जुना माठ पाणी गार करेनासा झाला, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो झिरपणार नाही. कूलरच्या टाकीत उरलेलं खारट पाणी मिरचीला नाही. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी मात्र थेंबभरही मोरीत जाणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या नऊ दिवसांत आम्ही तुमच्याकडून फळाची अपेक्षाच ठेवणार नाही. उन्हाळी भेंडी, ढेमसं, गवार जानेवारी-फेब्रुवारीत लावायची आणि एप्रिलभर खायची, म्हणजे तुम्ही याल तेव्हा त्यांचं बरंचसं देऊन झालेलं असेल. तुमच्या काळात ताटात चवळाई, अंबाडी, मायाळू, शेवग्याचा पाला, म्हणजे तुम्हाला न घाबरणारी मंडळी. भेद्रं, वांगी, मिरची यांची रोपं तुमच्याच मुक्कामात, जाळीखाली, झारीनं पाणी देऊन तयार होतील. तुम्ही वर तापत बसा, आम्ही खाली पावसाळ्याचा संसार मांडू. मिरगाचा पहिला चांगला पाऊस पडला की ती रोपं वाफ्यात जातील.

वाचकांना एवढंच सांगणं, की "तपू द्या" म्हणून हात जोडण्याआधी अंगणातल्या दोन फरशा उचला, तिथं मूठभर माती मोकळी करा आणि पश्चिमेला एक कडुनिंब लावा. पाऊस समुद्रावरून येतो, तो नवतप्याच्या मेहेरबानीनं येत नाही. सावली मात्र कुठूनच येत नाही, ती लावावी लागते.

कळावे,

आपली नम्र नसलेली,
एक परसबागवाली,
काटोल, जि. नागपूर.